थरथरते की डुलते

"मिस्त्री, गाडी हलते," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा मिस्त्रींना मनापासून राग यायचा. अरे बाबा, हलते म्हणजे काय? हलावी म्हणूनच घेतलीस ना? न हलणारी हवी असेल तर कपाट घे. एवढं सगळं ते मनातल्या मनात म्हणायचे आणि तोंडाने एकच प्रश्न विचारायचे, "थरथरते की डुलते?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. "म्हणजे तशी... हलते हो." मग मिस्त्री हातातला पाना खाली ठेवायचे, त्याला स्टुलावर बसवायचे आणि पहिलीतल्या पोराला अक्षर गिरवायला लावावं तसं समजवायचे. थरथरते म्हणजे हँडल हातात भराभर कापतं, हिवतापाने दात वाजतात तसं. तसं असेल तर पुढं काहीतरी सैल झालंय. डुलते म्हणजे हँडल शांत असतं, पण अख्खी गाडी सावकाश एकदा इकडे जाते, एकदा तिकडे. तुम्ही सावरता तोवर ती पलीकडे गेलेली असते. तसं असेल तर एक तर मागं काही सैल आहे, नाहीतर पुढं काहीतरी नको इतकं घट्ट आहे. एकाला औषध आवळायचं, दुसऱ्याला सैल करायचं. आणि या गल्लीतले निम्मे मिस्त्री हललं की आवळ, हललं की आवळ, एवढंच शिकलेत. त्यांच्याकडून आलेल्या गाड्या पाहिल्या की मिस्त्रींचं डोकं फिरायचं.

हँडल ज्यावर फिरतं त्या दांड्याला वरखाली दोन वाट्या असतात आणि त्या वाट्यांत छर्रे. या सगळ्याला धंद्यात कोनसेट म्हणतात. वरचा नट आवळला की छर्रे वाट्यांत बसतात. किती आवळायचा, हे कुठल्या पुस्तकात बघून कळत नाही, असं मिस्त्रींचं मत. ते गाडी मोठ्या स्टँडवर चढवायचे, पुढचं चाक अधांतरी करायचे, हँडल मधोमध आणायचे आणि करंगळीने नुसतं टेकल्यासारखं करायचे. हँडल आपल्या वजनाने एका बाजूला पडलं पाहिजे. अडखळता कामा नये आणि टोकाला जाऊन आपटताही कामा नये. पडलं तसं, की नटावर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. रेघ निम्मी नटावर, निम्मी खालच्या पत्र्यावर. नट कुणी हलवला तर रेघ तुटते. त्या रेघेवरून लोक त्यांचं काम ओळखायचे, आणि त्या करंगळीवरून त्यांना करंगळी मिस्त्री म्हणायचे. चाळीस वर्षं झाली, खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

दुकान म्हणजे एक खोली. वर शिंपी, शेजारी रद्दीवाला. आत दोन गाड्या मावायच्या, तिसरी रस्त्यावर. तेराव्या वर्षी मामाच्या हाताखाली काम करायला लागलेले मिस्त्री आता एकसष्ट वर्षांचे झाले होते, आणि खरं सांगायचं तर थकले होते. खाली बसलं की उठताना गाडीचा आधार घ्यावा लागायचा. सकाळी शटर वर करताना रोज एकदा मनात यायचं, आज नाही उघडलं तर काय बिघडेल? मग उघडायचे.

शिवाय दोन वर्षांपासून उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं होतं. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. चहाचा कप एक-दोनदा निसटला. शर्टाचं बटण लागेना, तेव्हा बायको काही न बोलता पुढं झाली आणि लावून दिलं. तेव्हापासून तीच लावायची. ना तिने कधी विचारलं, ना यांनी सांगितलं. काम हाताला पाठ आहे, असं मिस्त्री स्वतःला सांगायचे, आणि काम निभत होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

मिस्त्रींची एकुलती एक मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला दिली होती. व्याही वीजखात्यात लाइनमन होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली. पस्तीस वर्षं खांबावर काढलेला माणूस, घरात बसला की त्याला गुदमरायला व्हायचं. त्यातून बायको गेली, तेव्हापासून तर त्यांचं रोजचं ठरलेलंच होतं. सकाळी अकराला मोटारसायकल काढायची, चारला परत यायचं. "अप्पा, कुठं जाता?" असं मुलाने विचारलं की म्हणायचे, "कुठं नाही. नुसता जातो." मुलाला, म्हणजे मिस्त्रींच्या जावयाला, हे उत्तर अजिबात पटायचं नाही. मिस्त्रींना मात्र कळायचं.

तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी व्याही दुकानात आले होते. "मिस्त्री, गाडी हलते."

"व्याहीबुवा, तुम्हीसुद्धा?"

"चुकलं, चुकलं. थरथरते."

दोघं हसले. मिस्त्रींनी गाडी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर नेऊन पाहिली. चाळीसच्या वेगावरून गॅस सोडला आणि हात हँडलपासून बोटभर उचलले. तिसाला येईपर्यंत हँडल असं काही कापलं, की विचारू नका. कोनसेट गेलेला. छर्रे झिजले होते, वाट्यांना खड्डे पडले होते. सगळं नवीन घातलं, नट आवळला, करंगळी लावून पाहिली, पिवळी रेघ ओढली. व्याही गाडी घेऊन गेले. साधं, रोजचं काम होतं ते.

सोळाव्या दिवशी भरदुपारी व्याही पडले. शाळेच्या भिंतीजवळच्या वळणावर, आणि रस्ता रिकामा. खडी नाही, वाळू नाही, आडवं कुत्रंसुद्धा गेलं नाही. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं आणि मनगट मोडलं. डोकं वाचलं, हेच नशीब.

चार दिवसांनी जावई टेम्पोत घालून गाडी दुकानात घेऊन आला. मुलगा सरळ होता, बोलायला नरम. तो त्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बाबा, मी गाडी विकायला काढलीय. रविवारी अकराला गिऱ्हाईक येणार आहे. अप्पांचं आता हे वय नाही. पण ते ऐकायला तयार नाहीत. कधी म्हणतात गाडीत काहीतरी होतं, कधी म्हणतात माझाच तोल गेला. तुम्ही एकदा नीट बघा. गाडीत दोष नाही, असं तुमच्या तोंडून ऐकलं की ते गप होतील. तुमच्या शब्दापुढे ते जात नाहीत."

"आणि दोष निघाला तर?"

जावई हसला. "तुम्ही केलेल्या कामात? बाबा, काहीतरीच बोलता."

शुक्रवारी मिस्त्रींनी दुसरं काम घेतलंच नाही. डावा आरसा फुटला होता, क्लचची दांडी वाकली होती, पाय ठेवायचा खुंट मागे दुमडला होता. ही सगळी पडल्यावरची इजा. पडण्याआधीचं काय, ते शोधायचं होतं. टायरची हवा पाहिली, बरोबर. टायर एका बाजूने झिजलाय का, नाही. चाक अधांतरी फिरवून रिमशी खडू धरला, रेघ सगळीकडे सारखी उमटली. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं, बेअरिंग ठीक. शॉकअप सरळ. दोऱ्या ताणून पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत आहे का पाहिलं, होतं. मागचा बुश सैल असेल तर गाडी डुलते, म्हणून मागचं चाक काढून तोही पाहिला. ठणठणीत.

शेवटी कोनसेट. पुढचं चाक वर केलं आणि करंगळी लावली. हँडल पडलं. दुसऱ्या बाजूने लावली. पडलं. पिवळी रेघ जागच्या जागी होती, केसाएवढीही सरकली नव्हती.

मिस्त्री खालीच बसले. दिवसभर जीव टांगणीला लागला होता, तो खाली आला. गाडीत काही नव्हतं. म्हणजे व्याह्यांचाच तोल गेला, आणि बिचाऱ्यांचं वय झालं. या विचाराने बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर तीही म्हणाली, "सुटलो बाई." मिस्त्रींनी मान हलवली आणि संध्याकाळी व्याह्यांना भेटायला गेले.

मुलीने दार उघडलं. तिची झोप झालेली दिसत नव्हती. "बाबा, सांभाळून बोला हं," ती हळूच म्हणाली. "हे आणि अप्पा एकमेकांशी बोलत नाहीयेत."

व्याह्यांची खोली आतल्या बाजूला होती. एक पलंग, खिडकीत एक खुर्ची, भिंतीवर खांबावर चढलेल्या पाच लाइनमनचा जुना फोटो. व्याही खुर्चीत नव्हते. ते न्हाणीघरातून परत येत होते, आणि उजवा हात भिंतीवर टेकत टेकत, एकेक पाऊल टाकत येत होते. मिस्त्रींना पहिल्यांदा कळेचना. मोडला होता खांदा. पायांना तर काही झालं नव्हतं.

"पायाला लागलंय का?"

"नाही हो." व्याही पलंगावर टेकले. "पण भरवसा नाही वाटत. तोल जातो माझा. पंधरा दिवस जात होता. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर यांनी तेव्हाच किल्ली काढून घेतली असती."

"पंधरा दिवस?"

"तुमच्याकडून गाडी आणली ना, त्यानंतरच सुरू झालं. योगायोग बघा. गाडी तुम्ही लोण्यासारखी करून दिलीत आणि नेमका तेव्हाच माझा कान की मेंदू, काय असतं ते, बिघडला." ते थोडे हसले. "सूनबाई म्हणते, तुम्ही आज गाडी बघितलीत. काही नव्हतं ना?"

मुलगी चहा घेऊन आली होती. जावई दारात उभा राहिला होता. मिस्त्रींनी बोलायला तोंड उघडलं, पण सवय कुठं जाते? "आधी मला सांगा," ते म्हणाले, "पडलात तेव्हा गाडी थरथरली का?"

"छे. हँडल अगदी शांत होतं. डुलली. वळताना डुलली. मी इकडे सरळ करतोय, तर ती तिकडे. तिकडून आणतोय, तर इकडे. पंधरा दिवस हेच चाललं होतं, त्या दिवशी वळण आलं, एवढंच." व्याह्यांनी मान खाली घातली. "हँडल शांत आणि गाडी डुलते, म्हणजे वर बसलेलाच डुलत असणार. दुसरं काय?"

हँडल शांत आणि गाडी डुलते. मागचा बुश ठणठणीत होता, तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मग उरतं एकच, आणि ते काय उरतं हे ते चाळीस वर्षं लोकांना स्टुलावर बसवून शिकवत आले होते.

"मग बाबा?" जावयाने विचारलं. "काय निघालं?"

"अजून एकदा बघतो," मिस्त्री म्हणाले. चहा तसाच ठेवून ते उठले. जावयाच्या कपाळावर आठी पडली, ती त्यांना दिसली.

शनिवारी सकाळी त्यांनी करंगळी खिशात ठेवली. शेजारच्या रद्दीवाल्याकडे आकड्याचा स्प्रिंगकाटा होता, तो मागून आणला. "रद्दी विकायला काढली की काय मिस्त्री?" त्याने विचारलं. "बघू, वजन किती भरतं ते," असं काहीतरी बोलून मिस्त्री आत आले. दुकानात त्याच जातीची आणखी एक गाडी उभी होती, नुसतं तेल बदलायला आलेली, कोनसेट उत्तम. तिचं पुढचं चाक उचललं, हँडलच्या टोकाला दोरी बांधली, दोरीला काटा अडकवला आणि हळूहळू ओढलं. काटा पाव किलोच्या जरा पुढं गेला आणि हँडल वळलं. तीनदा केलं. तीनही वेळा तेवढंच.

मग व्याह्यांच्या गाडीला दोरी बांधली. पाव किलो गेला, अर्धा गेला, हँडल जागचं हलेना. किलो झाला. दीड किलोला कुठं ते कुरकुरत वळलं, आणि वळलं तिथंच थांबून राहिलं.

मिस्त्रींना वाटलं, पडल्यामुळे काहीतरी वाकून अडकलं असेल. कुणाला वाटणार नाही? त्यांनी सगळं उघडलं. दांडा सरळ होता, वाट्या सरळ होत्या, एकही छर्रा फुटला नव्हता. आणि उघडण्याआधी त्यांनी ती पिवळी रेघ पाहिली होती. अखंड. त्या नटाला त्यांच्याशिवाय कुणाचाही हात लागला नव्हता. खापर फोडायला दुसरं डोकंच शिल्लक नव्हतं.

तरी एक गोष्ट करून बघायची राहिली होती, आणि ती करायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी कोनसेट पुन्हा बसवला आणि काट्यावर दीड किलो येईपर्यंत, होता तसा, आवळला. मग दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, डोळे मिटले आणि आधी एकीच्या, मग दुसरीच्या हँडलला करंगळी लावली. पडलं. पडलं. दोन्ही सारखीच. त्यांच्या करंगळीला दोन्ही गाड्या सारख्याच लागत होत्या. टेकवतोय असं त्यांना वाटत होतं, पण ते ढकलत होते. किती जोराने ढकलतोय, हे सांगणारं बोटच आता राहिलं नव्हतं.

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसून राहिले. आणखी किती गाड्या? दोन वर्षांत किती कोनसेट? त्यांना मोजवेना. वरून शिंप्याच्या यंत्राचा आवाज येत होता, तो दुपारी जेवायला थांबला तेव्हा ते उठले.

बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, "सांगायलाच पाहिजे का?"

"मग काय करू?"

"अहो, तिला त्या घरात राहायचंय. आज कुणी काही म्हणणार नाही. पण उद्या कशावरूनही वाजलं, की निघेल. तुझ्या बापाने माझ्या बापाला पाडलं."

"जावई तसा नाही."

"भांडणात सगळे तसेच असतात." ती ताट उचलायला उठली आणि तशीच उभी राहिली. "हाड काय, जुळेल. गाडी गेली तर गेली. एकोणसत्तराव्या वर्षी गाडी नसली म्हणून काय अडतं? तुम्ही गुपचूप नट सैल करून टाका आणि मोकळे व्हा."

"गाडीचं नाही गं." मिस्त्रींना बोलायचाही कंटाळा आला होता. "माणूस भिंत धरून चालतोय. तीस-तीस फूट खांबावर चढणारा माणूस, आणि न्हाणीघरात जाताना भिंत धरतोय. त्याला वाटतंय आपला तोल गेला. कुणी सांगितलं नाही तर तो उरलेलं आयुष्य असाच भिंत धरून काढेल. आणि त्याचं काहीच बिघडलेलं नाही. बिघडलंय माझं."

बायको आत निघून गेली. रविवारी सकाळी मात्र तिने धुतलेला शर्ट काढून ठेवला होता. मिस्त्री समोर उभे राहिले, तिने खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावलं. बाहीचं लावताना तिने त्यांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. "जा," ती म्हणाली. "पण तिच्याकडे बघून बोलू नका. शब्द नाही फुटणार तुमचा."

ते पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. व्याह्यांच्या खोलीत गाडीचे कागद पलंगावर पसरलेले होते आणि जावई कुठं सही करायची ते दाखवत होता. व्याह्यांचा उजवा हात शाबूत होता. पेन हातात होतं.

"सही करू नका," मिस्त्री म्हणाले. बसा म्हणायच्या आत त्यांनी सांगून टाकलं. कोनसेट नको इतका घट्ट होता. गाडी त्यामुळे डुलत होती. घट्ट त्यांनीच केला होता. "तुमचा तोल गेला नाही व्याहीबुवा. माझ्यामुळे पडलात तुम्ही."

जावयाने एक सुस्कारा सोडला, आणि तो रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं. "बाबा," तो समजुतीने म्हणाला, "तुमचं मन मोठं आहे. अप्पांना वाईट वाटू नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय, कळतंय मला. पण त्यांना असं खोटं समाधान देऊन उद्या ते पुन्हा गाडीवर बसले, तर?"

"मी खोटं बोलत नाहीये."

"मिस्त्री, पुरे," आता व्याहीच म्हणाले. "अख्ख्या गावाच्या गाड्या तुम्ही सरळ केल्या. तुमच्या हातून नट घट्ट होतो का कधी? कुणाला खरं वाटेल?" आणि त्यांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

मिस्त्रींना याचा विचारच सुचला नव्हता. शिव्या खायची तयारी करून आले होते, मुलीला टोमणे बसतील म्हणून रात्रभर तळमळले होते. पण आपल्यावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, आणि तो आपल्याच चांगल्या नावामुळे, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. क्षणभर वाटलं, चला, आपण सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, तर आपला काय दोष? इतकं सोपं होतं ते, आणि ते इतके दमलेले होते.

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि मुलीकडे हात केला. "सेफ्टी पिन आहे का गं?"

"कशाला?"

"दे तर."

तिने ओढणीची काढून दिली. मिस्त्रींनी ती परत तिच्याच हातात ठेवली, उजव्या हाताची करंगळी तिच्यापुढं धरली आणि डोळे मिटले. "टोच. मी सांगतो कधी टोचलीस ते."

"बाबा, काय हे?"

"टोच म्हणतो ना."

मिस्त्री वाट बघत राहिले. त्यांना बाहेरच्या रस्त्यावरून जाणारी एक गाडी ऐकू आली, तिची साखळी सैल होती. आणखी थोडा वेळ गेला.

"टोच की," ते म्हणाले. "घाबरू नकोस."

त्यांनी डोळे उघडले. मुलीने तोंडावर हात घेतला होता. पिन करंगळीच्या पेरात पाव बोट रुतलेली होती आणि तिच्या कडेने रक्ताचा ओघळ तळहातावर उतरत होता. तिने तीन ठिकाणी टोचलं होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं."

"आईला माहितीय?"

"तीच बटणं लावते."

मुलीने पिन काढली आणि ओढणीच्या टोकाने त्यांचं बोट आवळून धरलं. ती रडत होती. जावई एकदा त्या बोटाकडे आणि एकदा आपल्या बापाकडे बघत होता. मग त्याने पलंगावरचे कागद गोळा केले, फोन घेतला आणि बाहेर गेला. "नाही, विकायची नाही," त्याचा आवाज आला. "नाही, किमतीचं काही नाही. विकायचीच नाही."

व्याही उठले. भिंत उजव्या हाताला होती, पण त्यांनी तिला हात लावला नाही. खोलीच्या मधोमध चार पावलं टाकली, वळले, चार पावलं परत टाकली. मग मिस्त्रींसमोर उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, आणि आवाज मात्र लाइनमनचा होता, खांबावरून खाली उभ्या माणसाला हाक मारायचा.

"तीन महिन्यांनी मी गाडी चालवणार," ते म्हणाले. "पण तो नट दुसऱ्या कुणाकडून तरी नीट करून आणा मिस्त्री. तुम्ही माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

चाळीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. मुलीने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नाही लावत," मिस्त्री म्हणाले.